सत्तरात एक

बालाघाटाच्या डोंगरात धारूरच्या आसपास सीताफळ कुणी न लावता, खडकाच्या फटीतून येतं आणि गोड येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पाण्याचं तसं नाही. खाली सगळा काळा पाषाण. पाणी असलंच तर मुरमाच्या थरात नाहीतर खडकाच्या भेगेत, आणि ती भेग आपल्या रानाखालून गेलीय की शेजाऱ्याच्या बांधापलीकडून, हे वरून दिसत नाही. अशा मुलखात पाणाड्याला मान असतो. ही गोष्ट तशाच एका पाणाड्याची आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या एका पोरीची. माणसं रचलेली आहेत, गणित खरं आहे. कुणाला शंका असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन पडताळावं.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि काका-काकू ऊसतोडीचा कोयता टाकून वाडीवर परतले. त्या साली आगाऊ घेतलेली उचल फिटून गाठीला थोडे पैसे उरले होते. असं साल क्वचित येतं. काकांनी ठरवलं, या उन्हाळ्यात बोअर घ्यायचा. लागला तर दोन एकर भिजेल, पुढच्या साली कदाचित कोयता घ्यावा लागणार नाही.

पुतणी अंबाजोगाईला बी.एस्सी. करत होती. परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती ओसरीवर वही पसरून बसलेली असायची.

"काय करायलीस गं?"

"नाणं खोटं हाय का ते बघायलेय, काका."

"कुठंय नाणं?"

"नाणं न्हाई. वीस वेळा उडवलं, पंधरा वेळा छापा आला, असं गणितात दिलंय. तर नाणं छाप्याकडं झुकलेलं हाय का, ते सांगायचं."

मग तिने काकांना रीत सांगितली. आधी धरून चालायचं की नाण्यात काही खोट नाही, जे झालं तो योगायोग. याला नल हायपॉथिसिस म्हणायचं. मग मोजायचं की खऱ्या नाण्याने विसांत पंधरा किंवा त्याहून जास्त छापे पडायची शक्यता किती. ती निघते साधारण दोन टक्के. ठरलेल्या पाच टक्क्यांच्या आत आली, म्हणून नल हायपॉथिसिस नाकारली. खाली दोन रेघा मारायच्या. गणित संपलं, पाच मार्क.

"म्हंजी नाणं खोटं."

पोरगी घुटमळली. "तसं लिहीत नसतेत."

"मग मी ते दुकानात चालवू का नको?"

वहीत याचं उत्तर नव्हतं. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमाची दुखरी जागा हीच आहे. पोरं सूत्र घालतात, तक्ता बघतात, 'नाकारली' किंवा 'नाकारता येत नाही' असं लिहितात आणि पान उलटतात. पुढे कुणाला काही करायचं असतं, कुणाचे पैसे अडकलेले असतात, हे त्या पानावर येतच नाही.

दोन दिवसांनी काका पाणाड्याला घेऊन आले. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची. आबा पैसे घेत नसत. टॉवेल-टोपी आणि नारळ, एवढ्यावर काम. तळहातावर नारळ आडवा, शेंडी बोटांकडे, डोळे अर्धे मिटलेले, असे ते रानातून अनवाणी चालले. लिंबाच्या अलीकडे नारळ थरथरला आणि तळहातावर सरळ उभा राहिला. आबांनी तिथे दगड ठेवला. काकूंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं.

"हा पॉइंट," आबा म्हणाले. "आजवर आपला पॉइंट चुकला न्हाई."

हे शेवटचं वाक्य पोरीच्या डोक्यात राहिलं. तिने वही घेतली आणि शिवारात हिंडून ज्याच्या-त्याच्या रानातल्या बोअरची नोंद करायला लागली: पॉइंट कुणी दिला, पाणी लागलं का. लागलेल्या बोअरची नावं लोक न विचारता सांगायचे. कोरड्या गेलेल्यांचं वेगळंच. एक म्हणाला, पॉइंट आबांचाच होता पण गाडीवाल्याने दोन फूट सरकवून मारला. दुसरा म्हणाला, त्या दिवशी अमावस्या होती, आबा नको म्हणत होते. तिसऱ्याच्या घरात सुतक होतं. प्रत्येक कोरड्या बोअरला कारण होतं, आणि कारण मिळालं की तो बोअर आबांच्या हिशेबातून बाहेर पडायचा. मग आबांचा पॉइंट चुकणार कसा?

चुलतभाऊ म्हणाला, "बघ, सगळी भोंदूगिरी हाय."

"ते पण कळत न्हाई यातून," पोरगी म्हणाली. "या यादीतून काहीच कळत न्हाई."

कॉलेजात सरांनी एक किस्सा सांगितला होता. विलायतेत रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते, रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात. तिथल्या एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशरांनी बाईंना हसून उडवून लावलं नाही. आठ कप, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, आणि बाईंनी चार कप ओळखायचे. १९३५ साली आलेल्या त्यांच्या प्रयोगरचनेच्या पुस्तकात ही मांडणी आहे, आणि जगभरचे विद्यार्थी आजही तिच्यापासून सुरुवात करतात.

पोरीने तेच आबांपुढे मांडलं. आठ घागरी, चारांत पाणी, चार रिकाम्या, सगळ्यांवर पाट्या पालथ्या. आबांनी नारळ घेऊन फिरायचं आणि पाण्याच्या चार सांगायच्या.

आबा रागावले नाहीत. विचार करून म्हणाले, "घागरीतलं पाणी मेलेलं असतंय लेकी. मी भुईतलं जितं पाणी बगतो."

हरकत रास्त होती. पोरीने ती डावलली नाही. आधी एक भरलेली घागर सगळ्यांसमक्ष उघडी ठेवली आणि म्हणाली, आबा, हिच्यावर बघा. नारळ उभा राहिला. रिकाम्या घागरीवर उभा राहिला नाही. आबा स्वतःच म्हणाले, "चालतंय की." आता 'घागरीचं पाणी चालत नाही' ही वाट त्यांनी आपल्या तोंडाने बंद केली होती.

आता प्रश्न असा की किती बरोबर आले तर मानायचं. यावर ओसरीवर दोन तास वाद झाला.

पोरीने वहीच्या पानावर मांडलं. आठांतून चार घागरी निवडायच्या रीती सत्तर. डोळे झाकून निवडल्या तरी या सत्तरांतली एखादी हाती येणारच. चारही बरोबर असलेली रीत एकच. तीन बरोबर आणि एक चूक, अशा किती? पाण्याच्या चारांतून तीन घ्यायच्या चार रीती, रिकाम्या चारांतून एक घ्यायच्या चार, चार चोक सोळा. दोन बरोबर, दोन चूक, सहा सख छत्तीस. एकच बरोबर, पुन्हा सोळा. एकही नाही, एक. एक, सोळा, छत्तीस, सोळा, एक. बेरीज सत्तर. काकांनी बोटं मोडत बेरीज स्वतः करून बघितली.

"तीन आले तर बास की," शेजारचे एक जण म्हणाले. "चारातले तीन म्हंजी काय कमी हाय?"

"नुसत्या अंदाजानं तीन किंवा जास्त येतील सत्तरात सतरा वेळा. चार माणसं डोळे झाकून उभी केली तर त्यातल्या एकाला येईल. चारही यायची शक्यता सत्तरात एक, दीड टक्क्याच्या आत."

"आन् ते तुझं पाच टक्के कुणी ठरवलं?" काकांनी विचारलं.

खरं तर कुणी नाही. फिशरांनीच १९२५च्या पुस्तकात सोयीचा आकडा म्हणून तो वापरला आणि पुढे त्याचा दंडक झाला. काकांनी आपला हिशेब वेगळा केला. आबांवर भरवसा ठेवला आणि तो खोटा ठरला, तर बोअर कोरडा, पैसे बुडाले आणि नवराबायको पुन्हा उसाच्या फडात. भरवसा ठेवला नाही आणि आबा खरे निघाले, तर पाणी आहे तिथेच राहील, वाईट वाटेल, पण अंगावर बाकी फिरणार नाही. पहिली चूक महाग. म्हणून काकांनीच निकाल दिला, "चारी आले तर मानू. तीन आले तर न्हाई मानायचं."

पाठ्यपुस्तकात या दोन चुकांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक म्हणतात. कुठली चूक कुणाला किती महाग, हे ज्याच्या खिशाला चटका बसतो त्यालाच नीट कळतं.

आबांनीही मान हलवली. पोरीने पानावर लिहिलं: चारही बरोबर आले तरच. खाली आबांचा अंगठा आणि काकांची सही. चुलतभाऊ हसला, "एवढं कशाला कोर्टावानी?" पण सगळ्या गोष्टीत कामाचं काही असेल तर ते हे पानच.

इथे गोष्ट थांबवून पुण्याचा खरा प्रयोग सांगायला हवा. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पाठवायच्या, आणि कुठली कुंडली कुठल्या गटातली हे त्याने सांगायचं. चाळिसांत अठ्ठावीस बरोबर आले तर मानू, असं आधीच जाहीर केलेलं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी १८.४ बरोबर, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही थोडं कमी. सगळ्यांत जास्त मिळाले चोवीस. निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आले.

त्या चोवीसवाल्याकडे जरा बघा. चाळिसांत चोवीस, म्हणजे साठ टक्के. अठ्ठावीसची रेघ आधी मारलेली नसती, तर 'साठ टक्के भविष्य खरं' असा मथळा करायला कुणाला किती वेळ लागला असता? नुसत्या अंदाजाने चोवीस किंवा जास्त यायची शक्यता एकट्या माणसाला तेरा टक्क्यांच्या आसपास आहे. सत्तावीस जण बसवले की त्यांतल्या कुणातरी एकाला ते येणं जवळपास ठरलेलंच. निकाल बघून मग उठून दिसणारा निवडला, तर कुणीतरी उठून दिसतोच. पाणाड्यांचं म्हणाल तर जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली त्रेचाळीस पाणाडे घेऊन आठशे त्रेचाळीस चाचण्या झाल्या. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावरून हलवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्याने जागा सांगायची. संशोधकांनी त्यातले थोडे 'अस्सल' म्हणून बाजूला काढले. पुढे जेम्स एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तर योगायोगापलीकडे त्यांना काही दिसलं नाही.

आता वाडीवर परत. रविवारी सकाळी चिठ्ठ्या एका लहान पोराने काढल्या. घागरी भरणारे दोघे काम झाल्यावर सरळ धारूरच्या बाजाराला निघून गेले. ते तिथे उभे राहिले असते तर आबांनी त्यांचे चेहरे वाचले असते, आणि आपण चेहरे वाचतोय हे आबांच्याही ध्यानात आलं नसतं. राहिलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं पाणी कुठल्या घागरीत आहे. पोरीलाही नाही.

आबा फिरले. चार ठिकाणी नारळ उभा राहिला. चार पाट्यांवर खडे ठेवले. पाट्या उचलल्या.

तीन घागरींत पाणी होतं. चौथी कोरडी.

वाडीत एकच ओरडा झाला. तीन भरलेल्या बरोबर ओळखल्या, म्हणजे रिकाम्यांतल्याही तीन बरोबर सोडल्या. आठांतल्या सहा! कुणी आबांच्या पाया पडलं. काकांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांना ते मानायचंय. ते पोरीकडे वळले, "आठांतल्या सहा हायेत की गं."

"सहा हायेत," पोरगी म्हणाली. "पानावर काय लिवलंय?"

काकांनी पान वाचलं नाही. त्यांना पाठ होतं.

तेवढ्यात चुलतभावाने मोबाइल काढला. चौथ्या कोरड्या घागरीचा व्हिडिओ घेऊन तो बोलायला लागला, की बघा मित्रांनो, पाणाड्याचा पर्दाफाश. पोरीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"पर्दाफाश कशाचा?"

"चुकला की तो."

"चार आले न्हाईत, एवढंच कळलं. चार आले न्हाईत म्हंजी आबा लबाड, असं कुठं लिवलंय? त्यांना थोडं काही कळत असेल तरी चारपैकी चार येणं अवघड. आपण बार उंच ठेवला, कारण पैसा काकांचा हाय. मानायला पुरावा मिळाला न्हाई. लबाड म्हणायला पण मिळाला न्हाई."

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं इथे नाराज होतात. त्यांना आबा उघडे पडलेले हवे असतात. पण 'सिद्ध झालं नाही' आणि 'खोटं सिद्ध झालं' यांत अंतर आहे, आणि ते मान्य करणं श्रद्धाळूंपेक्षा चिकित्सकांना जड जातं असा माझा अनुभव आहे. आबांचा नारळ खरंच उभा राहत होता, ते मुद्दाम करत नव्हते. हाताची बारीक हालचाल माणसाच्या नकळत होऊ शकते, हे शरीरशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. लबाडीचा प्रश्न त्या चाचणीत नव्हताच.

आबा गप्प बसले होते. मग म्हणाले, "आणिक एकदा लावा."

"लावू. पण नेम तोच. आन् आजचं मोडीत काढायचं न्हाई."

"म्हंजी?"

"एकदा केलं तर अंदाजानं चारी यायची शक्यता सत्तरात एक. दोनदा केलं तर दोन्हींत मिळून कधीतरी यायची शक्यता जवळपास पस्तिसात एक. धा वेळा केलं तर सातात एक. असंच करत राहिलं तर एक दिवस येणारच. म्हणून आधी ठरवू, दुसरी खेप शेवटची."

पुढच्या रविवारी दुसरी खेप झाली. दोन आले. गर्दी निम्मीच होती, आणि घरी जाताना कुणी फारसं बोललं नाही.

तरी बोअर तर घ्यायचाच होता. काकांनी विचारलं, "मग आबांचा पॉइंट सोडायचा?"

पोरगी म्हणाली, "दुसरा चांगला पॉइंट हाय का आपल्याकडं? भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारू. त्यांनी यंत्र लावून जागा सांगितली तर ती बघू."

"यंत्रवाल्याची पण घागरीवर परीक्षा घेशील?"

"घेईन की," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

पण आधीच्या अर्जांची रांग मोठी होती, पावसाळा जवळ आला होता. शेवटी आबांच्याच पॉइंटवर मारायचं ठरलं. यात काही विसंगती नाही. आबांना कळत नसेल तर त्यांचा पॉइंट इतर कुठल्याही जागेइतकाच बरा, इतर कुठल्याही जागेइतकाच वाईट. तोटा त्या जागेत नसतो. 'आबांचा पॉइंट हाय, लागणारच' म्हणून खोल-खोल जात राहण्यात असतो. पहिला कोरडा गेला म्हणून उसनवारी करून दुसरा मारण्यात असतो. अशी बोअरवर बोअर घेऊन बुडालेली घरं प्रत्येकाच्या पाहण्यात असतात.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहिलं: बोअर एक. दोनशे फूट. उसने न्हाई. दोनशेचा आकडा त्यांनी पैशांवरून काढला होता. योगायोगाने तो भूजल कायद्याच्या जवळ बसतो. महाराष्ट्राच्या २००९च्या अधिनियमात साठ मीटरपेक्षा खोल ती 'खोल विहीर' आणि तिच्यावर निर्बंध आहेत. शिवारात ते किती पाळले जातात, हे ज्याने-त्याने आपल्या गावात बघावं.

गाडी आली. रात्रभर घरघर चालली. दीडशेपर्यंत पांढरा फुफाटा. एकशे ऐंशीला भुकटीचा रंग बदलला. एकशे नव्वदला ती हाताला गार लागली. काकूंनी मूठभर उचलून दाबली, तिचा लाडू वळला.

दोनशे झाले. गाडीवाला म्हणाला, "ओल आलीय मालक. अजून पन्नास जाऊ. इथं थांबलात तर रडाल."

काकूंनी मुठीतला लाडू काकांपुढे धरला. काका त्याच्याकडे बघत राहिले. पोरगी बाजूला उभी होती, ती काही बोलली नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंही. पन्नास फुटांखाली काय आहे, हे तिच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

"दोनशे ठरलेत," काका म्हणाले. "काढा गाडी."

त्या ओलीखाली पाणी होतं की नाही, हे आजही कुणाला ठाऊक नाही. राहिलेल्या पैशांत काकांनी जुन्या विहिरीतला गाळ काढला. आबा तीन दिवस गाळ उपसायला आले होते, पोरीने त्यांना मजुरी दिली आणि त्यांनी ती घेतली. दसऱ्यानंतर नवराबायको पुन्हा कोयता घेऊन निघाले, तेव्हा अंगावर त्या वर्षीची उचल तेवढी होती. बोअरचं कर्ज नव्हतं.